प्रोसेसर पळवा, पण व्होल्टेजवर डोळा ठेवून

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, करायचं म्हटलं की लोक आधी विचारतात कूलर कुठला घेऊ. माझ्या मते पहिला प्रश्न व्होल्टेजचा हवा, कारण पीसी किती तापणार आणि फॅन किती बोंबलणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

प्रोसेसरमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना दर वेळी थोडा विद्युतभार भरला जातो नि रिकामा होतो, त्याचीच उष्णता होते. क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा वेग, वाढवला की ही उष्णता तेवढ्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढवलं की त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि खरी गोम इथेच आहे. २०११ साली आलेला इंटेलचा कोअर आय५-२५००के घ्या, ओव्हरक्लॉकिंगवाल्यांचा एकदम लाडका, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. समजा तो ४.४ वर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ करावं लागलं, तर वेग वाढला ३३ टक्के आणि उष्णता जवळपास ६९ टक्के! त्यात ट्रान्झिस्टर बंद असतानाही गळणारा करंट वेगळाच, चिप तापली की गळती वाढते आणि गळती वाढली की चिप अजून तापते.

मग व्होल्टेज वाढवायचंच कशाला? ४ गिगाहर्ट्झला एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो, आणि तेवढ्याच वेळात सिग्नलला एकामागोमाग एक कितीतरी गेट (ट्रान्झिस्टरचे छोटे गट) पार करून पुढच्या ठोक्याआधी पोचायचं असतं. नाही पोचला तर उत्तर चुकतं, पीसी हँग होतो. व्होल्टेज जास्त असलं की ट्रान्झिस्टर पटकन पलटतात. पण कंपनीने मुळातच थोडी मोकळीक ठेवलेली असते, म्हणून आधी व्होल्टेजला हात न लावता क्लॉक थोडा थोडा वाढवत जायचं, जे मिळेल ते जवळपास फुकटात. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए याच मोकळिकीमुळे गाजला, बस (प्रोसेसरला बाकी पीसीशी जोडणारी वाट) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा ४५० व्हायचा आणि कित्येक चिप तर जादा व्होल्टेजसुद्धा मागायच्या नाहीत.

आता ती मजा कमी झालीय, कारण कंपन्या स्वतःच चिप टोकापर्यंत ताणून विकतात. एएमडीचा २०२२ चा रायझन ९ ७९५०एक्स पूर्ण लोडवर ९५ डिग्रीला चालतो आणि तो तसाच चालावा असं डिझाइनच आहे. कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, ज्या तुकड्यावर असतात तो साधारण ७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षाही छोटा, एवढ्याशा जागेतून शंभर वॉट काढायचे तर महागडा कूलरही एका हद्दीनंतर काही करू शकत नाही. म्हणून आजची खरी कारागिरी उलट दिशेची, व्होल्टेज उतरवायचं. चिप थंड राहिली की मिळालेल्या मुभेत बूस्ट, म्हणजे चिप स्वतःच वाढवते तो वेग, आपोआप वर जातो. रायझनमध्ये यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर नावाचं सेटिंग आहे, पण लक्षात ठेवा, जास्त उतरवलं तर पीसी बऱ्याचदा जड कामात तग धरतो आणि नुसता ब्राउझर उघडा असताना रिस्टार्ट होतो, कारण हलक्या कामात एखादाच कोअर सगळ्यात वरच्या क्लॉकवर उडी मारतो. नुसती स्ट्रेस टेस्ट (जड कामाची चाचणी) पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका.

आवाजाचं गणित मात्र सोपं आहे. फॅनचा वेग निम्मा केला तर हवा साधारण निम्मी होते पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो, कानाला हा फरक प्रचंड वाटतो, म्हणून मोठा टॉवर कूलर आणि त्यावर १४० मिमीचा संथ फॅन. आणि कानाला एकसारख्या आवाजापेक्षा चढउतार जास्त खुपतो. एखादा प्रोग्राम उघडला की चिपचं तापमान क्षणात १५-२० डिग्री उसळतं, तेव्हा हीटसिंक (कूलरचा धातूचा भाग) अजून कोमटसुद्धा झालेला नसतो, तरी फॅन घुर्रकन धावतो. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) फॅनला काही सेकंदांचा डिले दिला की ही कटकट जाते.

अजून एक, परदेशी रिव्ह्यूमधले आकडे बहुतेक वेळा विशीतल्या तापमानाच्या खोलीतले असतात. कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, खोली १५ डिग्रीने तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते. नागपूर-अकोल्याकडे असाल आणि सेटिंग डिसेंबरात बसवलं असेल तर मे महिन्यातल्या दुपारी एसी बंद ठेवून पुन्हा टेस्ट करा.