आजीचं भरतकाम फ्रेमला देण्याआधी

कृपया धुऊन आणू नका. रोज तेच सांगावं लागतं, म्हणून शेवटी छापूनच घेतलं.

शाळेत असताना आजीने किंवा पणजीने मॅटीवर फुलीच्या टाक्याने भरलेली अक्षरं, पोपटाची जोडी, 'सुस्वागतम्' असे नमुने आमच्याकडे येतात. 'जरा स्वच्छ करावं' म्हणून लोक ते आधी साबणाच्या पाण्यात बुडवतात, वर इस्त्रीही फिरवतात. कापड उजळतं खरं, पण तांबडा दोरा रंग सोडतो आणि शेजारचा पांढरा हंस गुलाबी होऊन आमच्या टेबलावर येतो. तो गुलाबी रंग मग कुणालाच काढता येत नाही. त्यापेक्षा मळका आणा.

आम्ही उलट बाजूला, प्रत्येक रंगाच्या एकेका टाक्यावर ओला कापूस टेकवून रंग सुटतो का ते बघतो. त्यालाच वेळ जातो. 'समोरचा फ्रेमवाला तासात देतो' हे आम्हाला ठाऊक आहे. तो फेविकॉलने हार्डबोर्डावर चिकटवतो. आम्ही सुती कापड चढवलेल्या अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेल्या, कापड पिवळं न पाडणाऱ्या) बोर्डावर शिवून बसवतो, काच टेकू देत नाही. पुढेमागे काढायचं झालं तर टाके उसवले की झालं.

उलट बाजू तुम्हीही बघून घ्या. उजेड न लागल्याने मूळचा हिरवा तिथेच सापडतो.

हे भरतकाम म्हणजे शाळेतल्या त्या मुलीची अक्षरं गिरवायची पाटीच. इंग्लंडमध्ये मुली कापडावर अक्षरं भरायला शिकत, कारण पुढे चादरी-टॉवेलांवर खुणेची अक्षरं घालायची असत. ससेक्सच्या एलिझाबेथ पार्करने 1830च्या सुमारास तांबड्या रेशमाने, 'मला लिहिता येत नाही' अशी सुरुवात करून, मोलकरीण असताना मालकाने केलेला छळ भरला. शेवटचं वाक्य अर्धवटच आहे. पुढे ती शिक्षिका झाली; तो कपडा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आपल्याकडे 1827 साली मुंबईला आलेल्या सिंथिया फरार यांच्यासारख्या मिशनरी बायकांच्या शाळांतून वाचनाबरोबर शिवण आलं.

अमेरिकेतल्या काही जुन्या नमुन्यांवर सालाचे आकडे उसवलेले दिसतात, मोठेपणी वय लपवायला! तुमच्याकडे अशी जागा असेल तर आम्ही ती भरून देणार नाही, आग्रह करू नये.

घडी न घालता, धुतलेल्या जुन्या सुती साडीत गुंडाळून आणा. बघून अंदाज सांगायला पैसे नाहीत. आजीचं नाव, गाव, शाळा, माहीत असेल तर साल, एका कागदावर लिहून आणलंत तर फ्रेमच्या मागे पाकिटात घालून देतो. त्याचेही घेत नाही.