जास्तीचं वाय गुणसूत्र आणि ‘जन्मजात गुन्हेगार’

पुरुषात एक वाय गुणसूत्र जास्त असेल (नेहमीच्या एक्सवायऐवजी एक्सवायवाय), तर तो जन्मतःच हिंसक असतो, असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही.

गोष्ट १९६५ची. स्कॉटलंडमधल्या कारस्टेअर्स या बंदिस्त मनोरुग्णालयात गुणसूत्रांच्या अभ्यासक पॅट्रिशिया जेकब्स आणि सहकाऱ्यांनी १९७ पुरुष तपासले. त्यांत सात एक्सवायवाय निघाले. प्रमाण धक्कादायक खरं, पण तपासले कोण? आधीच कोंडलेले लोक. बाहेर याच गुणसूत्रांची कितीतरी माणसं निमूट नोकरी-संसार करत होती, त्यांना कुणी मोजलंच नव्हतं. साधारण हजार मुलग्यांत एक असा जन्मतो आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

पुढे शिकागोत १९६६ साली आठ परिचारिकांचा खून करणारा रिचर्ड स्पेकही एक्सवायवाय असल्याच्या बातम्या छापून आल्या. त्याची गुणसूत्रं साधी एक्सवाय होती! खुलासा मात्र बातमीइतका पसरला नाही. तो कधीच पसरत नाही म्हणा.

मग १९७६चा कोपनहेगनचा अभ्यास आला. हे पुरुष सहसा उंच असतात, म्हणून चार हजारांवर उंच पुरुष तपासले. बारा एक्सवायवाय सापडले, पैकी पाच जणांना शिक्षा झालेली. प्रमाण इतरांपेक्षा जास्तच, पण गुन्हे बहुतांशी किरकोळ, चोरीमारीचे. आक्रमकतेचा पुरावा मिळाला नाही. फरकाचा काही भाग बुद्धिचाचणीतल्या कमी गुणांशी जुळत होता. या गुणसूत्रामुळे उंची वाढते, काही मुलांना बोलायला-वाचायला उशीर लागतो. खुनशीपणा त्यात नाही.