आगगाडीने चढणे, पायी उतरणे (आल्प्स)

डोंगरावर दातेरी रुळांच्या रेल्वेने जाऊन पायवाटेने खाली येण्याची आल्प्समधील प्रथा. ती सर्वाधिक रुजली स्वित्झर्लंडमध्ये, कारण तिथे रेल्वेची मधली स्थानकेही पायवाटांना जोडलेली आहेत. कुठेही उतरावे, चालावे आणि दमल्यावर पुढच्या स्थानकावर गाडी धरावी.

या प्रथेची मुळे मध्य स्वित्झर्लंडमधील रिगी डोंगरावर आहेत. निक्लाउस रिगेनबाख या अभियंत्याने दोन रुळांमध्ये शिडीसारखा तिसरा रूळ टाकला. इंजिनाखालचे दंतचक्र त्याच्या पायऱ्यांत अडकत वर सरकते, त्यामुळे चारास एक असा चढही गाडी चढते. युरोपातील ही पहिली दातेरी डोंगर-रेल्वे २१ मे १८७१ रोजी लुझर्न सरोवराकाठच्या फिट्सनाउ गावाहून सुरू झाली आणि १८७३ मध्ये माथ्याजवळच्या रिगी-कुल्मला पोचली. (माथेरानची गाडी दात्यांविना, वळणे घेत चढते. भारतात दातेरी रूळ पाहायचा तर निलगिरीच्या मेट्टुपालयम–कुन्नूर मार्गावर जावे.)

रिगीचा माथा १,७९८ मीटर उंच आहे. तिथून मधल्या काल्टबाड स्थानकामार्गे सरोवरकाठच्या वेगिस गावाला उतरणारी वाट सर्वांत देखणी म्हणावी लागेल. गोल गोटे एकमेकांत घट्ट बसून झालेल्या खडकाचे प्रचंड धोंडे कोसळून वाटेवर एक नैसर्गिक दरवाजा तयार झाला आहे, त्यातून वाकून जाताना खाली सरोवर दिसते. काल्टबाड ते शाइडेग ही वाट तर जुन्या रेल्वेमार्गावरूनच जाते. ती रेल्वे १९३१ मध्ये बंद पडली, पण तिचा बोगदा आणि पूल आज चालणाऱ्यांच्या कामी येतात.

उतरण सोपी असते हा मोठा गैरसमज. चढताना दम लागतो. उतरताना मात्र मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, आणि त्याचे दुखणे दुसऱ्या दिवशी कळते. हजार मीटरची उतरण म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच. दोन काठ्या आणि आखूड पावले यांनी खरोखर फरक पडतो. पिवळ्या फलकांवर लिहिलेला वेळ विश्रांती न धरता मोजलेला असतो. खडकांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की ती डोंगरवाट समजावी. तिथे पाय न घसरणारे बूट हवेतच. उत्तरेकडच्या उतारांवर जूनमध्येही बर्फ उरलेले असू शकते.

अधिक उंचीवरचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आयगर ट्रेल. युंगफ्राउ रेल्वेच्या आयगरग्लेचर स्थानकातून (२,३२० मीटर) ही वाट आयगर शिखराच्या उत्तर कड्याच्या पायथ्याने सुमारे ७०० मीटर उतरत अल्पिग्लेनला येते. १९३८ मध्ये प्रथम सर झालेला तो कडा सगळा वेळ डोक्यावर असतो. मान वर करून पाहायचे तर आधी थांबावे. अल्पिग्लेनहून ग्रिंडेलवाल्डला पायीही उतरता येते, आणि पाय बोलू लागले असतील तर तिथेच गाडी मिळते. शेवटच्या गाडीची वेळ मात्र वर जाण्याआधी पाहून ठेवावी.