कृष्णेच्या कासवाची फ्रेम नव्हे!

सांगलीत चष्म्याच्या दुकानात तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांची फ्रेम हातात घेतली की कुणीतरी म्हणतंच, "ही कासवाच्या पाठीची. कृष्णेत सापडतात ना!" पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा समज साफ चुकीचा आहे.

कृष्णेतल्या मऊ पाठीच्या कासवाला खवले नसतातच, वरून नुसती कातडी. मग फ्रेम कशाची करणार?

घोळ इंग्रजी शब्दाने घातलाय. तिथे जमिनीवरचं कासव 'टॉर्टॉइज' आणि समुद्रातलं 'टर्टल'. तरी अशा फ्रेमसाठी 'टॉर्टॉइजशेल' (म्हणजे टॉर्टॉइजची पाठ) नावाचा माल यायचा तो समुद्री कासवाचा, त्यातही मुख्यतः चोचीसारखं तोंड असलेल्या हॉक्सबिलचा. त्याच्या पाठीवर मधले 5 आणि दोन्ही बाजूंना चार-चार असे 13 मोठे खवले असतात. आपल्या नखांसारखेच, केराटिनचे. गरम केले की वाकतात. स्पॅनिश मात्र इथे सरळ निघाली: हॉक्सबिल कासव 'कारेय' आणि त्याचा मालही 'कारेय'. (आपण मराठीत सगळ्यांनाच कासव म्हणून मोकळे!)

इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्ही भाषांत या मालाचं नाव काळ्या-नारिंगी मांजरालाही चिकटलंय. ते मांजर जवळपास नेहमी मादीच असतं, कारण नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि दोन्ही रंग एकत्र यायला दोन एक्स लागतात, जी सहसा मादीकडेच असतात.

हॉक्सबिलला भारतात 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. दुकानातली ती फ्रेम बहुधा अ‍ॅसिटेटची, म्हणजे प्लॅस्टिकच.