यकृतातली चरबी उतरली की साखर उतरते

रात्री जेवण न करता झोपलं तरी सकाळची साखर १५० येते, तेव्हा टाइप २ मधुमेह असलेले अनेक जण चक्रावतात. ही साखर ताटातून आलेली नसते, यकृतातून आलेली असते. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनला जुमानत नाही आणि उपाशीपोटीही रक्तात ग्लुकोज सोडत राहतं. तीच चरबी पुढे स्वादुपिंडात जाते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मंदावतात.

न्यूकॅसल विद्यापीठाच्या रॉय टेलर यांनी २०११ मध्ये ११ रुग्णांना आठ आठवडे दिवसाला ६०० कॅलरी दिल्या. पहिल्या आठवड्यातच उपाशीपोटीची साखर आटोक्यात आली. पुढे स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत, वर्षभरात १५ किलो किंवा जास्त वजन घटवलेल्या दर १०० पैकी ८६ जणांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली आली. पाच ते दहा किलो घटवलेल्यांत हे प्रमाण शंभरात ३४ होतं. निदान होऊन सहा वर्षांच्या आतल्यांनाच या चाचणीत घेतलं होतं. आजार जुना होईल तशा बीटा पेशी सावरणं अवघड होतं, म्हणून निदानानंतरची पहिली वर्षं मोलाची.

‘मी तर बारीकच आहे’ असं आपल्याकडे हमखास ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र २१.२ टक्के आणि ९.१ टक्के, जास्तीचा आकडा याज्ञिकांचा. त्यामुळे काट्यासोबत टेपही हवी: कंबर पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमीच्या पुढे नको. वजन ७० किलो असेल तर सात किलो उतरवणं हे पहिलं उद्दिष्ट ठेवा.

रोजच्या खाण्यातून साधारण ५०० कॅलरी कमी केल्या तर सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलो उतरतं. गाडं अडतं ते ‘चालतं’ म्हणून खाल्लेल्या पदार्थांवर. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ६० ग्रॅम पिठाची एक म्हणजे २०० कॅलरी. तीन खाल्ल्या तर ६००. उपासाची साबुदाणा खिचडी बघा: ६० ग्रॅम साबुदाणा २१०, २० ग्रॅम दाण्याचं कूट ११५, दोन चमचे तूप ९०. बटाटा न धरताच ४१५ झाल्या, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यापेक्षा एक भाकरी, वाटीभर घट्ट उसळ, दोन वाट्या पालेभाजी, काकडी आणि ताक घ्या. तेल माणशी दिवसाला तीन चमचे, तेही बाटलीतून न ओतता चमच्याने मोजून. उसळ, अंडी, मासे, पनीर यांत काटकसर केली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

औषधांचं काय, हे डॉक्टरांशी बोलूनच आहार बदला. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण घटवलं तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर सुरू होते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असताना पिष्टमय पदार्थ एकदम तोडले तर रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) वाढून जिवावर बेतू शकतं. रक्तदाबाची गोळीही वजन उतरताना जास्त होऊन उठताना चक्कर येते.

औषध थांबवल्यावर किमान तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली असेल तर मधुमेह मागे हटला, असं डॉक्टर म्हणतात. त्यानंतरही ही तपासणी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दरवर्षी करायची. वजन पुन्हा चढलं की यकृतातली चरबीही परतते. दोन-तीन किलो वाढताच पुन्हा मोजून खायला लागा.