छत्रीसैन्य : आक्रमणातील कार्य

शत्रूच्या पिछाडीस विमानातून हवाई छत्रीने अथवा ग्लायडरने उतरवले जाणारे सैन्य. पूल, विमानतळ, तोफांची ठाणी व रस्त्यांचे नाके अचानक ताब्यात घेणे आणि मुख्य सैन्य येऊन मिळेपर्यंत ते टिकवून धरणे, हे त्याचे आक्रमणातील प्रमुख कार्य होय. रणगाडे व अवजड तोफा जवळ नसतात, दारूगोळा मोजका असतो; त्यामुळे मोहिमेचे यश मुख्य सैन्य किती लवकर येऊन मिळते यावर ठरते.

आरंभाविषयी एकमत नाही. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७८४ मध्ये बलूनमधून दहा हजार सैनिक उतरवण्याची कल्पना मांडली होती. अमेरिकी सेनानी विल्यम मिचेल यांनी १९१८ मध्ये जर्मनांच्या ताब्यातील मेत्स शहराच्या पिछाडीस छत्रीधारी सैनिक उतरवण्याची योजना सुचवली. परंतु पहिले महायुद्ध संपल्याने ती कागदावरच राहिली. काही अभ्यासक इटलीतील १९२७ च्या सुमारासच्या सामूहिक उड्यांना अग्रमान देतात. रशियन परंपरेत २ ऑगस्ट १९३० रोजी व्होरोनेझजवळ १२ सैनिकांनी मारलेली उडी हा आरंभ मानला जातो. स्वतंत्र तुकड्या, युद्धतंत्राचा विचार आणि मोठ्या प्रमाणावरील सराव या तिन्ही गोष्टी प्रथम सोव्हिएट संघातच एकत्र आढळतात, हे ध्यानात घेता रशियन परंपरेचे मत अधिक सयुक्तिक वाटते. कीव्हजवळील १९३५ च्या सरावात हजाराहून अधिक सैनिकांनी परदेशी निरीक्षकांसमक्ष उड्या मारल्या. जर्मनीने १९३६ मध्ये श्टेंडाल येथे प्रशिक्षण सुरू केले.

प्रत्यक्ष आक्रमणात हे तंत्र एप्रिल १९४० मध्ये डेन्मार्क व नॉर्वे येथे वापरले गेले. १० मे १९४० रोजी बेल्जियममधील एबेन-एमाएल किल्ल्याच्या माथ्यावरच जर्मन ग्लायडर उतरले. सुमारे ८० सैनिकांनी विशिष्ट आकाराचे स्फोटक भार लावून बुरुजांतील तोफा निकामी केल्या आणि दुसऱ्या दिवशी किल्ला शरण आला. १० मे रोजीच नेदरलँड्समधील हेग शहराभोवतीचे विमानतळ घेण्याचा जर्मन प्रयत्न मात्र फसला.

क्रीट या ग्रीक बेटावरील जर्मन मोहीम (२० मे १९४१) या विषयात सर्वाधिक वादग्रस्त आहे. जर्मन छत्रीचे दोर सैनिकाच्या पाठीवर एकाच ठिकाणी जोडलेले असत. परिणामी त्याला हवेत दिशा बदलता येत नसे व तो हातागुडघ्यांवर आदळे. बहुतेकांजवळ केवळ पिस्तूल व हातबाँब असत. रायफली आणि मशीनगन वेगळ्या पेट्यांतून टाकल्या जात. या पेट्यांकडे धावतानाच अनेक जण मारले गेले. ब्रिटिश व अमेरिकी छत्र्यांचे पट्टे खांद्यांशी जोडलेले असल्याने त्यांच्या सैनिकांना शस्त्र अंगावर घेऊन उतरणे सोयीचे होते. तरीही केवळ छत्रीला दोष देणे अपुरे ठरेल. बेटावरील सैन्यबळाचा जर्मन अंदाज फार कमी होता, तर बचाव करणाऱ्या दोस्त सैन्याला सांकेतिक संदेशांच्या उकलीतून हल्ल्याची पूर्वसूचना मिळालेली होती. मालेमे विमानतळावरील टेकडी न्यूझीलंडच्या बटालियनने २० मेच्या रात्री सोडली. दुसऱ्या दिवशी वाहतूक विमानांतून जर्मन पहाडी फौज तेथे उतरली आणि बेटाचे भवितव्य पालटले. मृत व बेपत्ता जर्मनांची संख्या साधारणतः चार हजारांच्या आसपास सांगितली जाते. यानंतर हिटलरने मोठ्या हवाई मोहिमांना फारशी संमती दिली नाही. याउलट दोस्त राष्ट्रांनी त्याच लढाईवरून आपली छत्रीदले वाढवली.

सिसिलीत (जुलै १९४३) अनेक ब्रिटिश ग्लायडर समुद्रात पडले. ११ जुलैच्या रात्री स्वपक्षाच्याच तोफांनी १४४ पैकी २३ अमेरिकी वाहतूक विमाने पाडली. नॉर्मंडीत (६ जून १९४४) दोस्तांच्या तीन डिव्हिजनांचे सैनिक फार विखुरले. मेरव्हिल येथील जर्मन तोफखान्यावर नेमलेल्या सुमारे ६०० जणांपैकी जेमतेम १५० एकत्र येऊ शकले, तरी त्यांनी तो घेतला. कान शहराजवळच्या कालव्यावरील पूल मात्र अगदी जवळ उतरलेल्या ग्लायडरमुळे काही मिनिटांत हाती आला. नेदरलँड्समधील आर्नहेमला (सप्टेंबर १९४४) उतरण्याच्या जागा पुलापासून बारा-तेरा किमी.पर्यंत दूर होत्या आणि विमाने अपुरी असल्याने सैन्य तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने यायचे होते. पुलाचे उत्तर टोक धरून बसलेली तुकडी सुमारे चार दिवस झुंजली, पण रणगाडे तिच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. या धड्यामुळे ऱ्हाईन ओलांडताना (२४ मार्च १९४५) संपूर्ण दल एकाच दिवशी व स्वतःच्या तोफांच्या पल्ल्यात उतरवले गेले.

जपानने १९४२ मध्ये आजच्या इंडोनेशियातील मेनाडो व पालेंबांग येथे हे तंत्र वापरले. भारताच्या दुसऱ्या पॅरा बटालियनने ११ डिसेंबर १९७१ रोजी तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील तंगाइलजवळ उतरून पुंगली पूल घेतला व ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी तुकड्यांची वाट अडवली; उत्तरेकडून येणारे भारतीय सैन्य तिला दुसऱ्याच दिवशी येऊन मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लायडरची जागा हेलिकॉप्टरने घेतली. त्यामुळे विखुरण्याचा धोका घटला, तरी उतरल्यावर कुमक मिळण्याची अडचण सुटली नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन सैन्य हेलिकॉप्टरने कीव्हजवळील होस्तोमेल विमानतळावर उतरले. परंतु युक्रेनच्या प्रतिहल्ल्यामुळे व तोफांच्या माऱ्यामुळे कुमक आणणारी वाहतूक विमाने तेथे उतरू शकली नाहीत.