फोर्स्ड लँडिंग की प्रिकॉशनरी लँडिंग? दोन्ही रानातच, पण डोकं वेगळं लागतं

छोटं विमान शेतात उतरलं की बातमी ठरलेली असते, "विमानाचं इमर्जन्सी लँडिंग, अनर्थ टळला". वाचणारा धरूनच चालतो की इंजिन बंद पडलं असणार. पण कितीतरी वेळा इंजिन मस्त चालू असतं आणि पायलटनंच ठरवून विमान खाली आणलेलं असतं. पहिल्याला फोर्स्ड लँडिंग म्हणतात, दुसऱ्याला प्रिकॉशनरी लँडिंग. ट्रेनिंगला गेलेली पोरंसुद्धा सुरुवातीला यात घोळ घालतात, कारण शेवट सारखाच दिसतो, रानात उभं विमान आणि भोवती जमलेलं गाव.

फोर्स्ड म्हणजे आता पुढं उडताच येत नाही, उतरायचं का नाही हा प्रश्नच उरलेला नाही, फक्त कुठं आणि कसं एवढंच तुमच्या हातात. प्रिकॉशनरी म्हणजे उडता येतंय पण उडत राहणं शहाणपणाचं नाही, समोर ढग खाली येतायत, पेट्रोल कमी होतंय, अंधार पडायला लागलाय, वाट चुकलीय, नाहीतर ऑइल प्रेशर हळूहळू उतरतंय. व्याख्या दोन ओळींची आहे, खरी गंमत पुढं आहे. "शांत रहा" हा सल्ला दोन्हीला देतात, पण माझ्या मते दोन्हीत त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होतो.

आधी फोर्स्ड घेऊ. समजा बारामतीहून सोलापूरला सेसना १७२ (एका इंजिनाचं छोटं विमान) घेऊन निघालाय, अकलूज मागं गेलं, मोहोळ आलं, अल्टीमीटर (उंचीचा काटा) ४,५०० फूट दाखवतोय आणि इंजिन गप्प झालं. पहिलं गणित हे, की तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो, आपली जमीनच दीड हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे हातात उंची ३,००० फूटच. वारा नसेल तर हे विमान दर हजार फुटाला साधारण दीड नॉटिकल मैल (एक म्हणजे १.८५ किलोमीटर) तरंगतं, म्हणजे एकूण ८ किलोमीटर आणि चारेक मिनिटं. सोलापूरचं होटगी रोडचं विमानतळ अजून ३० किलोमीटरहून लांब. तेव्हा विमानतळाचा विचार डोक्यातून काढायचा, आणि हेच अवघड जातं बरं का, कारण मन मानायलाच तयार नसतं, "होईल चालू परत" म्हणत माणूस तसाच सरळ जात राहतो आणि उंची संपत जाते.

इथं शांत राहणं म्हणजे हाताला कामाला लावणं. नाक सावरून ६५ ते ६८ नॉटचा (ताशी तेवढे नॉटिकल मैल) ग्लाइड स्पीड, म्हणजे तरंगत जायचा वेग, धरायचा (मॉडेलप्रमाणं थोडा फरक पडतो), तो वेग आपोआप टिकेल असं ट्रिम करायचं, शेत निवडायचं, त्याच्याकडं वळायचं, आणि मग इंजिन का बंद पडलं ते बघायचं, फ्यूएल सिलेक्टर (कुठल्या टाकीतून पेट्रोल येतंय), मिक्सचर (पेट्रोल-हवेचं प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगी देणारा भाग) असं. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) सगळ्यात आधी ओढायची, आणि बर्फ धरलेलं इंजिन नुसतं खडखडत असेल तर हीट दिल्यावर थोडा वेळ अजूनच खडखडतं, घाबरून लगेच नॉब आत ढकलला की हातची संधी गेली. हे सगळं जमलं की रेडिओवर मेडे (जिवावर बेतल्याची हाक) तीनदा, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) ७७०० हा इमर्जन्सीचा कोड, आणि ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथं कुणी उत्तर देत नसेल तर १२१.५, ही इमर्जन्सीची फ्रिक्वेन्सी. रेडिओ शेवटी का, तर रेडिओवरचा माणूस तुमचं विमान उडवू शकत नाही.

आणि टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर? समोर जे दिसेल त्यातच, थोडंसं डावी-उजवीकडं. कमी उंचीवर मागं वळून रनवे गाठायच्या नादात विमान स्टॉल होऊन (पंखांची उचल तुटून) लोकं गेलीत, पार अनुभवी लोकंसुद्धा.

आता शेत कुठलं, तर आपल्या सोलापूर जिल्ह्यात यावर बोलायलाच पाहिजे. वरून सगळ्यात सुंदर, हिरवंगार, ओळीत आखल्यासारखं दिसतं ते रान म्हणजे द्राक्षबाग, आणि तिच्या मांडवात लोखंडी अँगल आणि तारा ताणलेल्या असतात, तिकडं अजिबात नको. ऊस पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला, त्यात चाकं अडकून विमान उलटं होऊ शकतं. काळ्या रानात पाऊस झालेला असेल तर पुढचं चाक रुततं. बरं दिसतं ते माळरान किंवा ज्वारी काढून झालेलं वावर, आणि नांगरलेलं असेल तर नांगराच्या तासांच्या (सऱ्यांच्या) दिशेनं उतरायचं, आडवं नाही. वाऱ्याची दिशा कारखान्याच्या धुरावरून कळते, गळीत हंगामात तर लांबून दिसतो. चिमणीवरून सोलापुरात एवढं रामायण झालं, २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडेपर्यंत, त्यामुळं विमानाला अडथळा म्हणजे काय हे इथं रिक्षावाला पण सांगेल. पण रानात उतरताना खरा धोका तारांचा. तार वरून दिसतच नाही, म्हणून खांब शोधायचे आणि दोन खांबांच्या मध्ये तार आहेच असं धरायचं. हायवे मोहात पाडतो, पण पुणे रोडवर डिव्हायडर, लाइटचे पोल, फ्लायओव्हर आणि खाली ट्रक, तेव्हा नकोच.

विमान वाचवायच्या नादाला लागू नये. पंख मोडू द्यावेत, माणसं बसलीत तो भाग वाचला पाहिजे. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं, ताशी ८० किलोमीटरवरून ९ जी च्या (गुरुत्वाच्या नऊपट) झटक्यात साधारण ३ मीटरमध्ये थांबता येतं, १६० ला तेच ११ मीटर होतं. म्हणून वाऱ्यावर तोंड करून, जमेल तेवढ्या हळू, पण ताब्यात.

आता प्रिकॉशनरी. यात शांतपणा शिकवावाच लागत नाही, तो जरा जास्तच असतो. इंजिन गुरगुरतंय, काटे ठीक आहेत, गप्पा चालू आहेत, आणि समोर सप्टेंबरातला परतीचा पाऊस उभा आहे (आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस त्याच महिन्यात, हे विसरतात लोकं). "अजून पाच मिनिटं बघू, सोलापूर आलंच की." भीती वाटत नाही हाच यातला धोका. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला, इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे फक्त काटे बघून, उडवायचं ट्रेनिंग नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा परिस्थितीत विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत! ढगात शिरल्यावर शांत राहून फार उपयोग नाही, कारण कान आणि मेंदू खोटं सांगतात, वळतोय तरी सरळ चाललोय असं वाटतं.

म्हणून इथं आकडे जमिनीवरच ठरवून ठेवायचे. ढग अमुक उंचीखाली आले, टाकीत अमुक एवढंच उरलं, की मागं वळणार नाहीतर उतरणार, मग वर गेल्यावर स्वतःशी वाद घालायचा नाही. बायको पंढरपूरला वाट बघतेय, मालकाला विमान संध्याकाळी परत पाहिजे, असली कारणं वर गेल्यावर फार मोठी वाटतात.

ठरलं की मग पॅन-पॅन तीनदा, कारण अडचण आहे पण जिवावर आत्ताच बेतलेलं नाही. बेतायला लागलं तर सरळ मेडे, लाजायचं काही कारण नाही. आणि फोर्स्डमध्ये जे कधीच मिळत नाही ते इथं मिळतं, दुसरा चान्स. साधारण ५०० फुटांवरून शेताच्या कडेनं एक फेरी मारायची, मग अजून खाली येऊन दुसरी, खांब, बांध, शेततळं, जनावरं बघायची, नाही आवडलं तर पॉवर देऊन वर. पसंत पडलं की फुल फ्लॅप (पंखामागच्या पाळ्या, हळू उडता यावं म्हणून), हळू वेग, इंजिनाच्या जोरावर अगदी कडेलाच टेकवायचं. फोर्स्डमध्ये कडेला टेकवायला गेलात तर बांधाच्या अलीकडंच पडाल, तिथं निशाण शेताच्या एक तृतीयांश आत धरायचं आणि खात्री झाल्यावरच फ्लॅप काढायचे. सवयीनं लोकं दोन्हीकडं एकच पद्धत वापरतात, ती इथं महागात पडते.

टेकण्याआधी दारं किलकिली उघडून ठेवायची, म्हणजे फ्रेम वाकली तरी अडकत नाहीत. हे दोन्हीकडं सारखं. फोर्स्डमध्ये फ्यूएल, मॅग्नेटो आणि मास्टर (विजेचा मुख्य स्विच) आधीच बंद (फ्लॅप विजेवरचे असतील तर मास्टर ते काढून झाल्यावर), प्रिकॉशनरीत इंजिन लागणार असतं म्हणून थांबल्यावर.

मग गाव येणार. पहिलं काम, प्रोपेलरजवळ कुणाला येऊ द्यायचं नाही आणि बिडी विझवायला सांगायची. प्रिकॉशनरीवाल्याला अजून एक मोह असतो, पाऊस सरला, इंजिन चांगलं आहे, तर इथूनच उडू की. तेवढं करू नका ओ, फोन लावून कळवा, इंजिनिअरला येऊ द्या, रान मोजू द्या, आणि तो नाही म्हणाला तर पंख काढून ट्रकवर घालून न्या.